शेवटचा भाग

अंतराळातल्या त्या सिरियलवर राहीवहिनींचं मत सगळी आळी ऐकायची. पहिले भाग फक्कड, मधल्या भागांत नुसता पत्र्याचा यंत्रमानव खडखडला आणि यान म्हणजे तर उपडं घातलेलं पातेलं, असं त्या सपाट आवाजात सांगायच्या.

शेवटच्या भागात, परतीचं इंधन नसलेल्या यानात चढताना कप्तान बायकोला म्हणाला, "जातो."

टीव्हीवाल्या कमलाकाकू भडकल्या. "घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणतं? 'येतो' म्हणावं! लिहिणाऱ्या मेल्याला एवढंही कळू नये?"

राहीवहिनी सतरंजीवरची शेंगांची टरफलं गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"मला अख्ख्या सिरियलमध्ये तेवढंच पटलं. आमचे 'येतो' म्हणूनच मुंबईच्या यष्टीत बसले होते."