उसने शेअर

"शेअर विकायचे नाहीत काका, नुसते उसने द्यायचे. वर भाडं मिळेल," असं दलाल म्हणाला, तेव्हा निवृत्त फोरमन दौलतरावांनी बिनघोर सही केली. पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं राबून मिळालेले त्याच कारखान्याचे ते शेअर त्यांनी मुलीच्या लग्नातही विकले नव्हते.

पावसाळा सरेपर्यंत भाव धाडकन कोसळला. बँकेनं हात आखडता घेतला आणि कारखान्याला टाळं लागलं.

"कुणी पाडला हो भाव?" दौलतरावांनी दलालाला विचारलं.

"मंदीवाल्यांनी. उसने शेअर घेऊन बाजारात ओतले. आता मातीमोल भावात विकत घेऊन परत करतील."

"उसने दिले कुणी त्यांना?"

दलालानं दौलतरावांच्याच सहीचा कागद पुढे सरकवला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे शेअर भाड्यासकट परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या पाटावरच्या, कारखान्यातल्या जुन्या पान्याला कुंकू लावायला दौलतरावांचा हात धजेना.