मिशीवरचं ड्रोन

वैद्यकीय मंडळासमोर भरदुपारी झोपून दाखवणं हवालदार दौलत शेडग्यांना नवं नव्हतं. शत्रूची डासाएवढी ड्रोन माणसाला श्वासावरून हुडकू लागली, तेव्हापासून झोपेत श्वास अडकणाऱ्यांची फौजेत खास तुकडी होती. झोपलेल्या शेडग्यांना दगड समजून ड्रोन आठ वर्षं पुढे जात आली होती. यंदा मात्र बायकोच्या हट्टापायी त्यांनी घशावर उपचार करून घेतले. आज नापास झाले, तर तोंडाशी आलेली सुभेदारी जाणार होती.

जाग आली तेव्हा चाचणीचं ड्रोन त्यांच्या मिशीवर ऐसपैस बसलं होतं. इतक्या जवळून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. पाय सहा निघाले.

"तब्येत ठणठणीत आहे, शेडगे," डॉक्टर मेजर चिटणीस हळहळत म्हणाल्या. "तुकडीसाठी अपात्र."

बाहेर बाकावर वैजयंता डबा घेऊन बसली होती. "काय झालं हो?"

"सापडलो. सुभेदारी गेली."

"किती वेळात सापडलात?"

"चार सेकंदांत."

तिने डब्यातला पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "सुट्टीवर आलात की मी रात्रभर तुमच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. मला मिनिट मिनिट लागायचं."