रिकाम्या फेऱ्या

"शंभर टक्के! प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा नाही, आणि म्हणे नव्या हॉस्पिटलचे फोन याच मशीनवर घ्या!" साहेब कडाडले. "तुमचा प्रोग्राम आजच काढायचा. बाहेरचा आणू."

फोनवरचं बोलणं इकडून तिकडे पोचवणारा तो प्रोग्राम पहिल्या ओळीपासून समोर उभ्या असलेल्या तिनेच लिहिला होता. पण मुळूमुळू रडणाऱ्यांतली ती नव्हतीच.

"साहेब, तो काम करत नाहीये. नुसता विचारतोय."

"काय विचारतोय?"

"फोनवरच्या आवाजाचं पॅकेट आलं का? पॅकेट आलं का? रिकाम्या हाताने परततो, की लगेच पुन्हा विचारायला पळतो. मेल्याला दमच धरवत नाही. मशीनला वाटतं, गडी राबतोय."

"म्हणजे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," कोपऱ्यातून टेस्टरबाई म्हणाल्या. सगळे फिस्सकन हसले.

"अगदी तस्संच!" तिने स्क्रीन वळवली. "त्या तुंबड्याच मी वेगळ्या मोजल्यात."

ते मोजताना आधी तीही फसलीच होती. विचारायची फेरी सुरू होताना प्रोग्रामने घड्याळ बघायचं, संपताना बघायचं; बघण्यातच इतका वेळ जायचा की त्याच्या हातून पॅकेटं गळायला लागली. मोजणीनेच गड्याला दमवलं! आता फेरीगणिक घड्याळावर एकदाच नजर. हाती पॅकेट लागलं तर गेलेला वेळ कामाचा, नाहीतर रिकामा. स्क्रीनवर कामाची पट्टी होती बोटभर, रिकामी चांगली वीतभर.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे खरं कशावरून?"

"हॉस्पिटलएवढा भार टाकून बघा. एक जरी पॅकेट गळलं, तर माझ्या हाताने काढते प्रोग्राम."

टेस्टरबाईंनी तेवढे नकली फोन सोडले. शंभराचा आकडा जागचा हलला नाही. कामाची पट्टी मात्र सरसर वाढली, रिकामी तेवढीच आखडली, आणि तरी उरली. एकही पॅकेट गळलं नाही. तिचा ऊर भरून आला. आपलं लेकरू रिकामं बसतं हे चारचौघांत सिद्ध करून एखादी आई इतकी क्वचितच फुलली असेल.

साहेबांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. "हो, याच मशीनवर घेतो. प्रोग्राम? छे हो, बाहेरचा कशाला? आमच्या पोरीने लिहिलाय." मग तिच्याकडे बघत, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक नंबरचा रिकामटेकडा आहे!"