पडद्याची बायांकडची बाजू

उमाजी घोंगडं डोक्यावरून ओढून बायांमध्ये येऊन बसला, तरी धुरपताबाईनं त्याला मिशांवरून ओळखलंच.

"भावजी, वाट चुकले का? गडीमाणसं पडद्याच्या तिकडं."

"म्हाईत हाय," उमाजी पुटपुटला.

"बसू दे गं," कासाबाई म्हणाली. "निकाल लावायला आणलंय मी त्यांना."

बायांनी पदर सावरले आणि उमाजीभोवती वीतभर जागा सोडली. तो आणखी आकसला.

सुगी संपली की वालूरच्या बाजारतळावर टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. मधोमध पांढरा पडदा. मशीनच्या बाजूला गडी, पडद्यामागे बाया. चित्र दोन्हीकडून दिसायचं. सिनेमा मात्र दरवर्षी एकच, कॉलेजच्या वांड पोरांचा. एका साली तंबूवाल्या बन्सीधरनं मारामारीचा नवाकोरा सिनेमा आणला, तर मध्यंतरातच लोकांनी तंबूचे दोर सोडले. मारामाऱ्या गावात फुकट बघायला मिळत होत्या.

उमाजी आणि कासाबाई, या आजी-आजोबांच्या मध्ये गोदी बसली होती. तिचा डावा हात लोकरीच्या दोऱ्यानं कमरेशी बांधलेला होता. पोरगी डाव्या हातानं लिहिते, ही खोड आत्ताच मोडा, नाहीतर शाळेत पाठवू नका, असं मास्तरांनी बजावलं होतं. उमाजीनं कोकराचे पाय बांधायच्या गाठीनं तो हात बांधून टाकला. तेव्हापासून गोदीच्या पाटीवर उजव्या हातानं काढलेली अक्षरं मेलेल्या मुंग्यांसारखी पडत होती.

"त्या हिरोला कुणी बांधलं न्हाई," कासाबाईनं सकाळीच विषय काढला होता. "डाव्यानं लिवतोय, अन् पैला नंबर काढतोय."

"उजव्यानं लिवतोय. इतके साल बघायलोय मी."

"मग मी काय झोपा काढायले? आज माझ्याजवळ बसून बघा. डावा निघाला तर दोरा सोडायचा."

"अन् उजवा निघाला तर?"

"तर रोज मीच बांधीन तिचा हात."

गोदीनं हे ऐकलं होतं. आबांच्या गाठी सैल पडायच्या. आजीच्या पडत नसत.

पडद्यावर वर्ग भरला. पोरं बाकांवर नाचायला लागली, तशी हसू येण्याआधीच बाया हसायला लागल्या. पुढं काय होणार ते सगळ्यांनाच पाठ होतं. हिरो उठला, खडू घेऊन फळ्याकडं गेला. कासाबाईनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"आता बघा. डोळे फाडून बघा."

हिरो लिहू लागला. डाव्या हातानं.

उमाजी गुडघ्यांवर उठला. मागच्या बाया ओरडल्या तसा खाली बसला.

"आयला," तो म्हणाला. "अन् ह्याचा भांगबी तिकडं गेला की!"

"भांग हुता तिथंच हाय. मशीनचा उजेड तुमच्या डोळ्यात. तिकडून गडीमाणसाला काय दिसायलंय?"

गोदी फळ्याकडं बघत होती. गेल्या वर्षीपर्यंत सिनेमा या जागी येईस्तोवर ती झोपलेली असायची. यंदा जागी होती, आणि यंदा तिला वाचता येत होतं. पण फळ्यावरची अक्षरं काही वाचता येईनात. काना भलतीकडं, वेलांट्या उलट्या तोंडाच्या. तिला आश्रुबा न्हाव्याचा आरसा आठवला. त्यात भिंतीवरचं कॅलेंडर असंच दिसायचं. तिनं डोकं तिरकं केलं आणि उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर लावत गेली.

प्राचार्य झोपले आहेत. आवाज करू नका.

तिनं पडद्यावरच्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग पडद्यापलीकडं, जिथून गड्यांचं हसणं येत होतं तिकडं. मग स्वतःच्या कमरेकडं.

"गोदे," उमाजी तिच्या कानाशी आला. "तुला वाचाया येतंय. काय लिवलंय गं त्यानं?"

कासाबाईही वळली.

"इंग्रजी हाय, आबा."

"मग! कॉलेजात इंग्रजीच असतंय," धुरपताबाई मागून म्हणाली. "आमी कवाच वळखलंय."

उमाजीनं एक सुस्कारा टाकला, घोंगडं बाजूला केलं आणि गोदीच्या कमरेची गाठ चाचपू लागला. ती लवकर सुटेना. शेवटी त्यानं दातांनी ओढली. दोऱ्याचं एक टोक सुटलं. दुसरं मनगटावरच राहिलं.

"मास्तरला काय सांगू?" तो म्हणाला.

"बायांच्या बाजूला येऊन बस म्हणावं," कासाबाई म्हणाली.

पडद्यावर दार उघडलं आणि तंबू एकदम चिडीचूप झाला. प्राचार्य आत आले. त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

अख्ख्या वर्गानं हात वर केला. आणि दरवर्षीप्रमाणे अख्ख्या तंबूनंही. पडद्यापलीकडं शे-दीडशे गड्यांचे हात वर गेले असतील. इकडं बायांच्या बांगड्या एकदम खळकन वाजल्या. पडद्यावर दिसतो तसा, सगळ्याजणींचा डावा हात वर.

उमाजीचा उजवा सवयीनं वर गेला होता. त्यानं पडद्याकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. मग तो हळूच खाली घेतला आणि डावा वर केला.

त्याच्या शेजारी गोदीचा हात होता. सगळ्यांचे खाली आले, तरी तो वरच होता, आणि मनगटावरून लोकरीचा दोरा लोंबत होता.