आणि शेवटी

आणि मग बाबाच्या गोष्टीतला कालचा हत्ती आज गेंडा झाला, तरी लेक खिदळतच होती. बसवर ड्रायव्हर असलेली आई दाराआड गणवेशाची बटणं लावत ऐकत होती, आणि तिच्या पोटात दुखत होतं.

तिच्या गोष्टी कशा नेटक्या! वाघाचा आवाज वेगळा, सशाचा वेगळा. बाबाला मात्र घड्याळं दुरुस्त करता करता नुसतं "आणि मग?" एवढंच सुचतं. पुढचं सगळं लेकच सांगते. महिना झाला, गोष्ट एकच!

आई आत आली. "सरक बघू. आज मी सांगते."

"नको!" लेकीने कानांवर हात ठेवले.

"का गं? याला हत्ती आणि गेंडा तरी वेगळे कळतात का?"

"कळतात की. एकाची सोंड दुरुस्तीला आलीय," बाबा म्हणाला.

लेक हसली नाही. "आई, तू शेवट करतेस."

"गोष्टीला शेवट असतोच, राणी."

"हो. तू 'आणि शेवटी' म्हणतेस, पापी घेतेस आणि बस चालवायला जातेस."

आई खाली बसली. बुटाची नाडी तिने उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"एक गेंडा होता," ती म्हणाली. "तो बस चालवायचा. आणि मग?"

लेकीने बराच विचार केला. "तू आल्यावर सांगते."

जिना उतरताना आईला वरून बाबाचा आवाज आला, "मला तरी सांग, आणि मग?"

"तुला नाही. तो आईचा गेंडा आहे."