जुनी डिस्क

स्क्रीनवर दोन डिस्क दिसत होत्या. मुकुंदरावांनी पहिलीवर बोट ठेवलं. "हीच नवी."

"नाही साहेब," मागे उभी असलेली सत्यवती म्हणाली. "पहिली ऐंशी जीबीची, ती जुनी. नवी पाचशेची. खालची."

शनिवार होता. सोमवारी राज्याची दोन राज्यं होणार होती. त्याआधी पेन्शन ऑफिसच्या मशीनमध्ये नवी डिस्क बसवून, तिचे भाग पाडून, लिनक्स ही नवी सिस्टिम चढवायची होती. जुन्या डिस्कवर अकरा हजार निवृत्त शिक्षकांच्या नोंदी होत्या.

मुकुंदराव जॉइंट डायरेक्टर. चार दिवसांचं कॉम्प्युटरचं ट्रेनिंग करून आलेले. सत्यवती टायपिस्ट म्हणून लागली होती. मशीन आलं तेव्हापासून तीच ते सांभाळायची. ऑफिसात मराठी दोघंच, बाकी सगळे तेलुगू. म्हणून साहेब बाकीच्यांचा अपमान तेलुगूत करत, तिचा मराठीत.

"बाई, ट्रेनिंग मी केलंय. तुम्ही काय केलंय? टायपिंगची लोअर परीक्षा?"

दाराशी उभा असलेला क्लार्क गोविंद हसला.

साहेबांनी हातातला छापील कागद बघत भाग पाडले. मशीननं विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे? साहेबांनी एंटर दाबलं. एका बोटानं.

"झालं," अर्ध्या तासानं साहेब म्हणाले. "यात काय एवढं? आता शिक्षकांची फाइल उघडा."

सत्यवतीनं पुढे वाकून एक ओळ टाइप केली. पाचशेची डिस्क कोरी होती. ऐंशीच्या डिस्कवर नवं कोरं लिनक्स होतं. शिक्षक कुठेच नव्हते.

पंख्याखाली बसूनही साहेबांना घाम फुटला.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं, साहेब."

"नीट सांगायला हवं होतं! मशीन तुमच्या ताब्यात आहे. रिपोर्टात तुमचंच नाव जाईल."

सत्यवतीनं कपाट उघडलं आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक डिस्क काढून टेबलावर ठेवली. "दर शुक्रवारी कॉपी घेते. ही कालची."

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. रंगामागून आवाजही.

"ही डिस्क ऑफिसची नाही. सरकारी डेटा खासगी डिस्कवर? कुणाच्या परवानगीनं? गुन्हा आहे हा, बाई!"

"हौ. परवानगी तीनदा मागितली होती. तीनदा तुम्हीच 'गरज नाही' असं लिहिलंत. कागद फायलीत आहेत."

गोविंद दारातून नाहीसा झाला.

सत्यवतीनं केबल जोडली आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. मुकुंदराव थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिले. मग उठले. ती बसली आणि टाइप करू लागली.

बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "किती वेळ लागेल?"

तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही हात लावणार नसाल, तर संध्याकाळपर्यंत होईल."