तिरसिंगरावांची तयारी

“तुम्ही चुकलात, असं कधी झालंय?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “पुढचा प्रश्न.”

मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला तो, टीमचा प्रमुख, होता. दुसऱ्या बाजूला ती आणि काका. काका टीममधले सगळ्यांत जुने, म्हणून सगळ्यांचेच काका. दुसऱ्या एका कंपनीत सीनिअर इंजिनिअरची जागा निघाली होती आणि त्याच्या तिथल्या मुलाखतीची ही रंगीत तालीम चालली होती.

“असं उत्तर दिलंत तर ते तुम्हाला घेणार नाहीत.”

“मग ते गाढव आहेत.”

त्याच्या लेखी बरंचसं जग गाढवच होतं. दुसऱ्याचा कोड तो नाकाला रुमाल लावल्यासारखा वाचायचा आणि सगळ्यांदेखत विचारायचा, “हे जागेपणी लिहिलंय का?” काकांना तो येताजाता निवृत्तीची आठवण करून द्यायचा. तिला तर त्याने पहिल्या दिवसापासून गोगलगायच म्हटलं होतं. म्हणीचा दुसरा अर्धा भाग, पोटात पाय असल्याचा, त्याच्या डोक्यातच नव्हता. ती लिहायची ते अवघड काम तो वरच्या साहेबांपुढे “मी करून घेतलं” म्हणून ठेवायचा. तिच्या बढतीचा विषय निघाला की हात झटकायचा. “कच्ची आहे अजून.” टीम त्याला पाठीमागे तिरसिंगराव म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

जागेची बातमी त्यानेच दिली होती. “इथे कुजायला मी काही तुमच्यासारखा नाही,” असं म्हणून. घरी त्याने बायकोला प्रश्न विचारायला बसवून पाहिलं होतं. थोड्या वेळाने तिने कागद खाली ठेवला आणि ती म्हणाली, “बाहेरच्यांना हे ऐकायचा पगार मिळतो. मी कशाला ऐकू?”

तेव्हा गोगलगाय पुढे झाली. “आम्ही घेतो तुमची तयारी करून.”

त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. काकांना मात्र वाटलं. खोलीबाहेर आल्यावर त्यांनी तिला गाठलं. “अगं, कशाला डोक्याला ताप? सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे की.”

“नाही जाणार, काका. या तोंडाने तिथे गेला तर दुसऱ्या मिनिटाला परत पाठवतील. मग आहेच आपल्या उरावर. सुंठ आपल्यालाच उगाळायला हवी.”

काकांनी क्षणभर विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून तेही येऊन बसू लागले.

रोज दुपारी जेवणं झाली की सराव. त्याला शिकवायचं म्हणून ती आधी स्वतः वाचून यायची. “तिकिटाच्या ॲपवर सिनेमाच्या एकाच खुर्चीवर दोन माणसांनी एकाच क्षणी बोट ठेवलं, तर तिकीट कुणाला?” असं विचारायची. तो फळ्यावर चौकोन काढायचा, बाण काढायचा आणि मध्येच अडकायचा. ती उठून बाण दुरुस्त करायची. “हे मला माहीतच होतं,” तो म्हणायचा आणि तिचं उत्तर उतरवून घ्यायचा.

समोरच्याचा प्रश्न पुरा होऊ द्यायचा, हे शिकवताना दोघांचा घाम निघाला. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तर त्याच्या घशातून बाहेरच येईना. काकांनी ते त्याच्याकडून लहान मुलासारखं घोकून घेतलं.

‘तुम्ही कधी चुकलात?’ हा प्रश्न तेवढा राहिला होता.

“मग तुम्हीच सुचवा एखादी चूक,” तो वैतागून म्हणाला.

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. एक निवडायची म्हणजे कठीणच होतं.

ती म्हणाली, “ग्राहकांना तोच तोच मेसेज दिवसभर जात राहिला होता, ते सांगा. असं होईल म्हणून मी आधी सांगितलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर हसला होतात.”

“त्यात माझी चूक कुठली? तुला नीट समजावता आलं नव्हतं.”

“बरं,” ती शांतपणे म्हणाली. “पटू नका देऊ. फक्त पाठ करा.”

त्याने पाठ केलं.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो थेट तिच्या टेबलाशी. खुर्ची ओढून बसला. याआधी तो तिथे कधी बसला नव्हता, नेहमी मागे उभा राहायचा. काकाही हातातलं काम टाकून आले.

“मिळाली जागा,” तो म्हणाला.

काकांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, बहुधा देवाचे आभार मानत असावेत. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकली.

“पण मी नाही म्हणून कळवलं.”

काकांनी डोळे उघडले.

“ती मेसेजची गोष्ट सांगत होतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. “सांगता सांगता वाटलं, मी यांना इतकं बोलतो, तरी ही माणसं माझ्यासाठी रोज झिजली. सख्ख्या बायकोने केलं नाही ते यांनी केलं. अशी माणसं टाकून जायचं कुठे? ठरवलं, आता निवृत्त होईपर्यंत इथून हलायचं नाही.”

काका बोटांवर आपल्या निवृत्तीचे महिने मोजू लागले.

तो तिच्याकडे वळून मायेने हसला. “आणि गोगलगाय, तुझ्या बढतीचंही माझ्या डोक्यात आहे. या वर्षी नको, अजून थोडी कच्ची आहेस. पण काळजी करू नकोस, मी घडवीन तुला.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागवावं एवढाही तो आता तिला मोठा वाटेना.

“ती जागा,” तिने विचारलं, “अजून रिकामीच आहे ना?”